वाऱ्याचा वाटा

तंबू अश्रुबाच्या शाळेतला, स्काउटचा.
कापडावर निळ्या शाईत – जि. प. प्रा. शा. –
पुढचं गावाचं नाव धुवून गेलेलं.
खुंट्या बारा हव्यात, निघाल्या नऊ.
'पोरांनी विट्टीदांडू खेळले असतील,' म्हणाला
आणि बाभळीच्या तीन काटक्या तासत बसला.

पाटोद्याच्या पुढं बस सोडली होती.
मग तीन तास माथ्याकडं,
कुसळांतून, सीताफळीच्या झुडपांतून.
बुटाखाली मुरूम सरकायचा
आणि दैवशाला प्रत्येक घसरणीला
तिच्या बँकेच्या मॅनेजरचं नाव घ्यायची.

आषाढ. ढग होते, पण आमचे नव्हते.
आमच्या थांब्यावर न थांबणाऱ्या एशियाडसारखे
डोक्यावरून नुसते पूर्वेकडं जाणारे.
मागं उरतो तो वारा.
तो तेवढा आमच्या तालुक्याचा.

माथ्यावर पवनचक्क्या.
मुबीननं सतरा नंबरकडं बोट केलं,
'ती माझी,'
गोठ्यातली म्हैस दाखवावी तसं.
ऐंशी मीटर वर, त्या पत्र्याच्या खोलीत
त्यानं डबा खाल्लाय, नमाज पढलीय,
बायकोशी फोनवर भांडलाय एकदा.
मान वळवून त्यानं वारा गालावर घेतला.
'अकरा आहे. रात्री चौदा होतंय.'
'काय चौदा?'
'मीटर. सेकंदाला.'
अश्रुबा म्हणाला, 'तुझं आपलं कायबी.'

चौदा झाला.

चुलीतला जाळ जमिनीला चिकटून पळायला लागला,
पिठल्यात माती, मातीत पिठलं,
वरची भाकरी उठली आणि गेली.
दैवशाला बॅटरी घेऊन मागं धावली,
घेऊन आली, झटकली, चार तुकडे केले.
कुणी काही बोललं नाही. खाल्ली.

बाराच्या सुमारास मधला बांबू गेला.
मग चौघं चार कोपऱ्यांवर बसलो,
वजन म्हणून.
माझ्या वजनाचा कुणाला इतका उपयोग
आजवर झाला नव्हता.
मध्ये कापड फुगायचं, बसायचं, फुगायचं,
वर सतरा नंबरची पाती
अंधार कापत, टाकत, कापत.

तेव्हा मुबीन बोलायला लागला.
बराच वेळ. थांबून थांबून.
मला 'तीन वर्षं' ऐकू आलं.
'घरी माहीत नाही' ऐकू आलं,
किंवा 'घरी माहीत आहे'.
बाकीचं वाऱ्यानं नेलं.
मी 'हां' म्हणालो. मग ओरडून, 'हां!'
त्यानं मान हलवली,
का कापडच हललं.

नंतर सुचलं:
किती वाऱ्यात शब्द पोचत नाहीत
हे त्याच्याइतकं कुणाला कळतं?
सांगायचं होतं त्याला, ऐकवायचं नसेल.
मग मीही बोललो.
जे आरशापुढंसुद्धा पुरतं म्हणालो नव्हतो
ते सगळं, खाली मुंडी घालून,
चौदा मीटर सेकंदाला.

सकाळी केसांत माती, दातांत माती.
अश्रुबा खुंट्या मोजत हिंडत होता,
बाभळीच्या तिन्ही सापडल्या,
सरकारी दोन गेल्या.
मी मुबीनला म्हणालो, 'रात्री काय म्हणत होतास?'
'कधी?' तो म्हणाला
आणि पात्यांकडं बघत राहिला.

पाटोद्याच्या टपरीवर चौघांचे कान अजून वाजत होते.
चहावाल्यानं दोनदा विचारलं, साखर किती,
दोनदा आम्ही नुसतेच हसलो.
बशीतला चहा फुंकत दैवशाला हळूच म्हणाली,
'सांगून टाकलंस ते बरं केलंस.'

मी बघत राहिलो.
माझी पाठ मावळतीला होती रात्री,
वारा माझ्याकडून निघत होता,
आणि त्याच्या वाटेवर, समोरच्या कोपऱ्यात,
शाल डोक्यावरून घेऊन
ती बसली होती.

'आणि मुबीनचं?' मी विचारलं.
'तो माझ्या शेजारीच होता की,' ती म्हणाली,
आणि पैसे द्यायला उठली.